समक्रमण, मोबाइल साधनांतील

एकाच व्यक्तीच्या किंवा गटाच्या वापरातील दोन वा अधिक साधनांवर ठेवलेल्या एकाच माहितीच्या प्रती, प्रत्येक प्रतीत परस्पर बदल होत असतानाही, पुन्हा एकमेकींशी जुळवून घेण्याची क्रिया. संपर्कांची यादी, दिनदर्शिका, टिपणे, छायाचित्रे, संदेश आणि ॲपमधील नोंदी ही तिची नेहमीची क्षेत्रे होत. नक्कल करताना माहिती एका बाजूकडून दुसरीकडे जाते आणि बॅकअपमध्ये एका विशिष्ट क्षणीची स्थिती जपून ठेवली जाते. समक्रमणात मात्र दोन्ही बाजूंना लिहिण्याची मुभा असते, आणि त्यामुळे कोणता बदल आधीचा, कोणता नंतरचा व कोणता दुसऱ्या बदलाचा पत्ता नसताना केलेला, हे ठरवावे लागते. या विषयातील जवळजवळ सर्व अडचणी या एकाच फरकातून निघतात.

संज्ञा : बोलण्यात ‘सिंक करणे’, ‘सिंक होणे’ हीच रूपे चालतात. लेखी मराठीत ‘समक्रमण’, ‘संकालन’, ‘समकालीकरण’ आणि हिंदीच्या वळणाचे ‘तुल्यकालन’ असे पर्याय आढळतात. विद्युत अभियांत्रिकीत ‘समकालिक’ हे विशेषण रुळलेले असल्यामुळे काही लेखक तेच संगणकशास्त्रातही पुढे नेतात. तथापि दोन विद्युत यंत्रे खरोखर एकाच वेळी एका लयीत फिरतात, तसे दोन फोन एकाच वेळी बदलत नाहीत. एक फोन आठवडाभर बंद राहून नंतर जुळला तरी क्रिया पूर्णच मानली जाते. तेथे काळाचे ऐक्य साधलेले नसते, बदलांचा क्रम दोन्हीकडे मान्य झालेला असतो. म्हणून या नोंदीत ‘समक्रमण’ ही संज्ञा पसंत केली आहे.

उगम : मोबाइल साधनांतील समक्रमणाचा आरंभ कोठे मानावा याविषयी दोन मते आहेत. पहिल्या व अधिक प्रचलित मतानुसार तो १९९६ साली बाजारात आलेल्या ‘पाम पायलट’ या हस्तसंगणकापासून धरावा. हे साधन एका छोट्या बैठकीवर ठेवून तिच्यावरील ‘हॉटसिंक’ नावाचे एकच बटण दाबले की त्यातील पत्ते, भेटींच्या नोंदी व टिपणे घरच्या किंवा कचेरीतील संगणकाशी जुळत. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक असे आणि नोंद बदलली वा काढून टाकली की तिच्यावर तशी खूण होई. मागील वेळी त्याच संगणकाशी जुळणी झाली असेल तर फक्त खुणा असलेल्या नोंदी पाहिल्या जात. संगणक वेगळा निघाला तर सगळ्या नोंदी एकेक करून ताडल्या जात. या दोन रीतींना अनुक्रमे ‘जलद’ व ‘संथ’ समक्रमण म्हणत आणि हा भेद पुढच्या बहुतेक प्रणालींनी उचलला.

दुसरे मत ही परंपरा विकेंद्रित माहितीसाठ्यांच्या संशोधनापर्यंत मागे नेते. १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी, अनेक यंत्रांच्या व्यवस्थेत घटनांचा क्रम भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कसा लावावा, हे दाखवले. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील गटाने परस्परविरोधी बदल ओळखण्यासाठी ‘आवृत्ती-सदिश’, म्हणजे कोणत्या बाजूने किती बदल केले याची प्रतीसोबत ठेवलेली मोजणी, मांडले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ॲलन डेमर्स व सहकाऱ्यांचा १९८७ चा निबंध या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी पसरलेल्या प्रतींतून एखादी नोंद नुसती पुसून भागत नाही, कारण जिथे ती अजून शिल्लक आहे तिथून ती नवी समजून परत येते, हे त्यांनी स्पष्ट केले आणि पुसलेल्या नोंदीच्या जागी एक ‘मृत्यूचा दाखला’ ठेवण्याची योजना सुचवली. १९८९ च्या ‘लोटस नोट्स’ या कार्यालयीन प्रणालीतही अशीच सोय होती. महादेव सत्यनारायणन यांच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘कोडा’ प्रकल्पाने सुमारे १९९० च्या आसपास जोडणी तुटलेल्या अवस्थेतही संगणकावर काम चालू ठेवण्याची पद्धत घडवली. आजचे ‘ऑफलाइन’ चालणारे ॲप तत्त्वतः याच मार्गाने जाते.

दोन्ही मतांना आधार आहे. मात्र समक्रमणाचे मर्म खोडलेल्या नोंदीची आठवण ठेवण्यात आणि विरोध ओळखण्यात आहे असे मानले, तर ते १९८० च्या दशकातच हाती आले होते असे म्हणावे लागते. पाम पायलटने ही विद्या सामान्य माणसाच्या बोटाखाली आणली, हे श्रेय लहान नाही. पण ते शोधापेक्षा प्रसाराचे आहे.

पुढील टप्पा एकसमान नियमांचा. १९९० च्या दशकात प्रत्येक कंपनीची केबल, बैठक व प्रणाली वेगळी होती. २००० साली एरिक्सन, आयबीएम, लोटस, मोटोरोला, नोकिया, पाम, सायन आणि स्टारफिश यांनी मिळून ‘सिंकएमएल’ हा खुला करार पुढे आणला. यात प्रत्येक बाजू मागील जुळणीची एक ‘नांगर-खूण’ जपून ठेवी. पुढच्या वेळी खुणा जुळल्या नाहीत तर मधे काहीतरी हुकले असे समजून संथ समक्रमण केले जाई. २००२ मध्ये हे काम ‘ओपन मोबाइल अलायन्स’ या संघटनेत विलीन झाले. दिनदर्शिकेसाठी ‘कॅलडॅव्ह’ (२००७) व पत्त्यांसाठी ‘कार्डडॅव्ह’ (२०११) हे इंटरनेटवरील नियम नंतरचे. २००८ पासून अँड्रॉइड फोन गूगल खात्याशी थेट जोडले गेले आणि २०११ मध्ये ॲपलची ‘आयक्लाउड’ सेवा सुरू झाली. त्यानंतर दोन साधनांना एकमेकांशी जोडण्याची गरज बहुतांशी संपून दोन्ही साधने दूरच्या सर्व्हरशी जुळू लागली.

कार्यपद्धती : समक्रमण करणाऱ्या ॲपला तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात : मागील जुळणीच्या वेळी दोन्ही बाजूंना मान्य असलेली स्थिती, त्यानंतर आपल्या बाजूला झालेले बदल आणि आपल्या बाजूला काढून टाकलेल्या नोंदी. पैकी तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते. एका फोनवर एखादी नोंद आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढेच दिसत असेल तर ती पहिल्यावर नव्याने आली की दुसऱ्यावरून पुसली गेली, हे केवळ तुलनेने सांगता येत नाही. खोडलेला नंबर काही दिवसांनी पुन्हा यादीत दिसू लागतो, या सर्वसामान्य तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. मृत्यूचे दाखले कायम जपले तर जागा अडते, म्हणून ठरावीक मुदतीनंतर ते नष्ट करतात. लोटस नोट्समध्ये ही मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवसांची असे. एखादे साधन त्याहून अधिक काळ कपाटात पडून राहिले आणि मग जोडले गेले, तर त्यातील मृत नोंदी जिवंत म्हणून परततात. जुना फोन घरातील मुलांना देण्यापूर्वी त्यावरील खाते काढून टाकावे, हा सल्ला या कारणानेही योग्य आहे.

दुसरा प्रश्न विरोधाचा. सर्वांत सोपा नियम ‘शेवटी लिहिणाऱ्याचे खरे’ असा आहे, पण ‘शेवटी’ हे घड्याळावरून ठरते आणि दोन फोनांची घड्याळे जुळतीलच असे नाही. मुंबईच्या वाचकाला ही अडचण इतिहासातून परिचित वाटावी. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात दीर्घकाळ पाळली जात होती. ती साधारणपणे १९५५ पर्यंत टिकली असे मानले जाते. त्या काळात दोन घड्याळांत सुमारे ३९ मिनिटांचा फरक असे, आणि दोन ठिकाणच्या नोंदींवरील वेळा पाहून आधी काय घडले हे सांगायचे तर कोणती नोंद कोणत्या वेळेने केली हे आधी ठाऊक असावे लागे. फोनला आज वेळ मोबाइलच्या जाळ्यातून किंवा इंटरनेटवरून मिळते, तथापि हाताने लावलेले घड्याळ कित्येक मिनिटे पुढे-मागे असू शकते, आणि घड्याळ पुढे असलेल्या फोनवरील जुना बदल नव्या बदलावर मात करतो.

आवृत्ती-सदिश हा यावरील उपाय घड्याळाचा आधारच सोडतो. समजा, एका कुटुंबाची खरेदीची सामाईक यादी दोन फोनांवर आहे. आजवर तीत आईने ३ व मुलाने २ बदल केले असून दोन्ही फोनांवर (३, २) ही खूण आहे. आईने दादरच्या बाजारात ‘नारळ ५’चे ‘नारळ ७’ केले, तर तिच्याकडील खूण (४, २) होते. त्याच सुमारास पुण्याहून येणाऱ्या मुलाची गाडी पारसिकच्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात असून जोडणी तुटलेली आहे, आणि तो तीच ओळ ‘नारळ ११’ अशी करतो. त्याची खूण (३, ३) होते. मुलाने काहीच केले नसते तर (४, २) ही खूण (३, २) पेक्षा कोठेच कमी नसल्याने आईची प्रत निर्विवाद नवी ठरली असती. येथे मात्र एका स्थानी आई पुढे व दुसऱ्या स्थानी मुलगा पुढे आहे. म्हणजे दोन्ही बदल एकमेकांच्या नकळत झाले, हे गणिताने सिद्ध होते. पुढे काय करायचे हे गणित सांगत नाही. काही ॲपे दोन्ही ओळी ठेवून निर्णय माणसावर सोपवतात, काही एक गुपचूप टाकून देतात. दुसरा मार्ग वापरकर्त्याला न कळवता त्याचे लिखाण नष्ट करत असल्याने तो टाळण्याजोगा आहे. २०११ मध्ये मार्क शापिरो व सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘विरोधमुक्त’ माहितीरचनांत नोंदींची घडणच अशी ठेवतात की बदल कोणत्याही क्रमाने पोहोचले तरी निकाल एकच येतो; मात्र नारळ सात की अकरा, यासारख्या प्रश्नात तेथेही आधी ठरवलेला एखादा नियम लागतोच.

देवनागरी मजकूर : पाश्चात्त्य ग्रंथांत या अंगाची चर्चा क्वचितच आढळते, मराठी वापरकर्त्याला मात्र ती रोज भेडसावते. सिमकार्डवरील नावासाठी साधारणतः १४ बाइटांची जागा असे. सर्वांत साध्या पद्धतीने देवनागरी लिहिल्यास एक बाइट खुणेसाठी व प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागून केवळ सहा चिन्हे मावत. ‘ज्ञानेश्वर’ या नावात जोडाक्षरे सुटी करता दहा चिन्हे भरतात. ते ‘ज्ञाने’ येथेच तुटे. पत्त्यांच्या देवघेवीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘व्हीकार्ड’ची २.१ ही जुनी आवृत्ती मुळात रोमन अक्षरांच्या हिशेबाने रचलेली होती. तीत देवनागरीच्या एका चिन्हाचे तीन बाइट व प्रत्येक बाइटाची तीन रोमन चिन्हे, म्हणजे एकूण नऊ चिन्हे होत, आणि ओळ लांबल्याने ती मधेच मोडली की नाव वाचता येत नसे. २०११ च्या ४.० आवृत्तीने यूटीएफ-८ ही लेखनपद्धती सक्तीची केल्यावर हा दोष नियमापुरता दूर झाला.

आजचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, तीन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त, ‘र’ला नुक्ता व हलन्त, किंवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे समान मानलेली रूपे एका रूपात आणण्याच्या नियमाने, पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. ‘ॲ’ हे चिन्ह युनिकोडच्या २००८ मधील ५.१ आवृत्तीत आले. त्यापूर्वी ते ‘अ’ व चंद्र असे लिहीत, आणि ही दोन रूपेही प्रमाणीकरणाने जुळत नाहीत. परिणामी एका कीबोर्डवर लिहिलेले व दुसऱ्यावर लिहिलेले तेच नाव, विशेषतः ‘ॲड.’ ही उपाधी लावलेली वकिलांची नावे, केवळ नावावर विसंबणाऱ्या ॲपच्या दृष्टीने दोन माणसे ठरतात. म्हणून जुळणी फोन क्रमांकावरून करणे इष्ट. त्यासाठी आरंभीचे शून्य, +९१ आणि मुंबईच्या दूरध्वनींचा ०२२ हा संकेतांक एका रूपात आणावे लागतात.

मुंबई : देशात इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विदेश संचार निगम’ या तत्कालीन सरकारी कंपनीने खुली केली, आणि त्याच वर्षी शहरात मोबाइल सेवा सुरू झाली. परदेशांकडे जाणाऱ्या समुद्रतळाच्या केबलींपैकी अनेक मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः वर्सोव्याच्या परिसरात वर येतात. मायक्रोसॉफ्ट (२०१५), ॲमेझॉन (२०१६) व गूगल (२०१७) यांनी आपली क्लाउड केंद्रे मुंबई विभागात उभारली. गिरगावातील एकाच टेबलावरच्या दोन फोनांतील जुळणीही आता अशा दूरच्या केंद्रातून फिरून येते. केंद्र शहरात आहे म्हणून वापरकर्त्याची माहिती तेथेच असेल असे नाही; आर्थिक व्यवहारांपुरते मात्र, देयक प्रणालींची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढला.

काही ॲपे समक्रमण हेतुतः टाळतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या ‘यूपीआय’ (२०१६) प्रणालीत ॲप ठरावीक फोन व सिमकार्ड यांच्याशी बांधले जाते आणि नव्या फोनवर त्याच सिममधून संदेश पाठवून ओळख पुन्हा पटवावी लागते. उपनगरी रेल्वेचे ॲपवरील कागदविरहित तिकीटही ज्या हँडसेटवर काढले त्यावरच दाखवावे लागते. ते दोन फोनांवर जुळले असते तर एका तिकिटावर दोघांनी प्रवास केला असता.

गुप्तता : सर्व्हरमार्फत जुळणी करताना सर्व्हरला मजकूर वाचता येऊ नये, यासाठी तो साधनावरच कूटबद्ध करतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतात. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये अशी व्यवस्था सर्व संदेशांना लावली, पण त्यानंतर काही वर्षे संगणकावरील प्रत फोन चालू असेल तरच काम करी. २०२१ पासून प्रत्येक जोडलेल्या साधनाला स्वतःची किल्ली मिळाली आणि पाठवणारा फोन प्रत्येक साधनासाठी संदेश वेगळा कूटबद्ध करू लागला. त्याच वर्षी कूटबद्ध बॅकअपची सोय आली. तिचा पासवर्ड व किल्ली दोन्ही हरवल्यास कंपनीलाही तो मजकूर परत मिळवून देता येत नाही.