देव गप्प असताना: एका विश्वासाची पार्श्वभूमी

देव बोलत नाही, काही घडवतानाही दिसत नाही, तरी तो जवळ आहे, असं संकटात ठामपणे म्हणणारी माणसं असतात. हा विश्वास निवांत बसून कुणाला सुचलेला नाही. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत त्याची मुळं शोधत गेलं, की पळून आलेली, सर्वस्व गमावलेली, कोंडून घातलेली माणसं भेटतात.

त्यातला पहिला एलीया, इसवी सनपूर्व 9व्या शतकातला इस्राएलचा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला होता. पण राणी ईजबेलची धमकी येताच तो जीव मुठीत धरून रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. पुढचा प्रसंग सावकाश वाचावा असा आहे. देवानं त्याला उपदेश केला नाही, खडसावलंही नाही. त्याच्या उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी आलं. तो जेवला आणि पुन्हा झोपी गेला. देवदूतानं पुन्हा उठवून खाऊ घातलं, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची होती. मग 40 दिवस चालून तो होरेब या देवाच्या डोंगरावर पोहोचला. तिथं खडक फोडणारा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला. परमेश्वर त्यातल्या कशातच नव्हता. त्यानंतर आली शांत, मंद वाणी. प्रवचनं बहुधा इथं थांबतात, पण खरी गोष्ट पुढे आहे असं मला वाटतं. ‘तू इथं काय करतोस?’ असा प्रश्न एलीयाला आला, त्याची तक्रार पूर्ण ऐकून घेतली गेली आणि त्याला पुन्हा कामावर धाडण्यात आलं.

इसवी सनपूर्व 586च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि प्रश्न साऱ्या समाजाचा झाला. देवाचं घरच उरलं नाही, तर देव कुठे? यहेज्केल हा याजक त्याआधीच बंदिवान होऊन बाबेलात आला होता. देवाचं दर्शन त्याला मंदिरात नव्हे, परक्या देशातल्या कालव्याकाठी झालं. पांगलेल्या लोकांसाठी देव स्वतःच पवित्रस्थान झाला आहे, असा संदेश त्यानं दिला. याच उद्ध्वस्ततेतून बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक आलं. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन त्या अत्यंत कडवट पुस्तकाच्या मध्यभागी आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात जपलं गेलं, आणि ते योग्यच झालं: गाऱ्हाणं देवापुढे मांडणं हाही विश्वासच आहे.

स्पेनमधल्या कार्मेल या ख्रिस्ती संन्यासी संघात सुधारणा करू पाहणाऱ्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांना डिसेंबर 1577मध्ये संघातल्याच लोकांनी टोलेडोत डांबलं. अरुंद, जवळजवळ अंधारी कोठडी आणि वर फटके. तिथंच त्यांनी काव्यरचना केली आणि ऑगस्ट 1578मध्ये ते निसटले. पुढे त्यांनी लिहिलं, की प्रार्थनेतली गोडी गेली म्हणजे देव गेला असं नव्हे. आत्म्याच्या त्या रात्रीत तो अधिक खोलवर काम करत असतो. पुढच्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या गलक्यात देवाचं सान्निध्य अनुभवत राहिले.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रं 2007मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. त्यांच्या सेवेची बहुतेक वर्षं देव जाणवतच नाही अशा कोरडेपणात गेली होती. स्तोत्र 88 परिचयाचं असलेल्यांना धक्का बसण्याचं कारण नव्हतं. 1961च्या सुमारास फादर जोसेफ नॉयनर या जेझुइट धर्मगुरूंनी त्यांना समजावलं, की देवासाठी होणारी ही तळमळ हीच त्याच्या अदृश्य सान्निध्याची खूण आहे. त्यानंतर मदरनी त्यांना कळवलं, की या अंधारावर आता आपलं प्रेम जडलं आहे.