‘प्रतिकारशक्ती वाढवा, कॅन्सर पळवा’ यात तथ्य किती?

गुळवेलीचा काढा, हळद, महागड्या गोळ्या घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली की कॅन्सर आपोआप हटतो, असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. ते वाचून कुणी उपचार लांबणीवर टाकत असेल, तर हे वाचाच.

कॅन्सरच्या पेशी आपल्याच शरीरातल्या असतात. प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) त्यांना अनेकदा ओळखतच नाहीत, किंवा ओळखूनही त्यांच्याजवळ थकून जातात. खरी अडचण इथे आहे, आणि ती काढ्याने सुटत नाही.

कार-टी हा टी पेशींमध्येच बदल करणारा कॅन्सरवरचा उपचार नेमका या अडचणीवर काम करतो. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात आणि कॅन्सरग्रस्त बी पेशींवरचं (याही पांढऱ्या रक्तपेशीच) सीडी१९ हे प्रथिन ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा ‘ओळखणारा’ रेणू, त्यांच्यात जनुकीय बदलाने बसवतात. मग त्या वाढवून रुग्णाला परत देतात. त्याआधी काही दिवस केमोथेरपी देऊन शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट पेशी (टी, बी अशा पांढऱ्या रक्तपेशी) मुद्दाम कमी करतात! म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’च्या अगदी उलट. उलट नव्या पेशी फार खवळल्या तर तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, आणि त्यांना आवरायला औषध द्यावं लागतं.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. ती मोजक्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, तेही आधीचे उपचार निष्फळ ठरल्यावर. स्तन, फुप्फुस अशा गाठींच्या कॅन्सरवर कार-टी वापरण्याबाबत अजून संशोधन चालू आहे.