घाऊक ई-वार्तापत्र प्रेषण

घाऊक ई-वार्तापत्र प्रेषण : एकच वार्तापत्र वेब अनुप्रयोगाच्या सर्व्हरवरून हजारो वर्गणीदारांना ई-मेलने पाठवण्याची आणि प्रत्येक पत्राचे पुढे काय झाले याची नोंद ठेवण्याची पद्धत. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत. पण महाप्याहून ठाण्यातील नौपाड्याला निघालेले पत्र अंतर कमी म्हणून खात्रीने पोहोचते असे नाही. स्वीकारणारी मेलसेवा पाहते ती पाठवणाऱ्या आयपी पत्त्याची आणि डोमेनची पत.

ही पत तपासण्याची गरज जुनीच. ३ मे १९७८ रोजी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावर सुमारे ४०० जणांना गेलेली गॅरी थुर्क यांची जाहिरात हे बहुधा पहिले नकोसे घाऊक पत्र. प्रेषकाची ओळख पटवणाऱ्या ‘एसपीएफ’ पद्धतीचे जनकत्व मात्र वादाचे आहे. मूळ कल्पना पॉल व्हिक्सी यांनी २००२ च्या सुमारास मांडली, असे काही मानतात. हॅडमट डॅनिश यांची ‘आरएमएक्स’ आणि गॉर्डन फेसिक यांची ‘डीएमपी’ या योजनाही त्याच काळातल्या. मेंग वेंग वाँग यांनी २००३ मध्ये या दोहोंतून एक पद्धत घडवली. तेव्हा श्रेय विभागून देणेच सयुक्तिक वाटते. ‘डीकिम’ या स्वाक्षरीपद्धतीबाबत असा पेच नाही. याहू आणि सिस्को यांच्या दोन योजना एकत्र येऊन २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे डोमेनधारकाला जाहीर करू देणाऱ्या ‘डीमार्क’ची नोंद २०१५ ची.

पत्रे वेब पानाच्या विनंतीतच पाठवू नयेत. वेळमर्यादा संपून विनंती मध्येच तुटली, की कोणाला गेले आणि कोण राहिले हे कळत नाही. बटण पुन्हा दाबले तर अनेकांना दोनदा जाते. म्हणून प्रत्येक वर्गणीदारामागे एक नोंद रांगेत टाकावी आणि स्वतंत्र प्रक्रियेने ती उचलावी. स्वीकारणाऱ्या सर्व्हरच्या उत्तरात ४ ने सुरू होणारा संकेत आला तर नकार तात्पुरता असतो. एसएमटीपी या ई-मेल पाठवण्याच्या नियमावलीच्या प्रमाणकानुसार पुन्हा प्रयत्न किमान ३० मिनिटांनी करावा आणि ४-५ दिवस तरी आशा सोडू नये. ५ ने सुरू होणारा संकेत कायमच्या नकाराचा. तो पत्ता अस्तित्वातच नसल्याचा असेल तर यादीतून काढावा.

मराठी विषयओळीची अडचण वेगळी. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ‘ठाणे’ला १२ बाइट लागतात, एकट्या ‘क्ष’ला ९. देवनागरी मजकूर साध्या रोमन चिन्हांत बदलून केलेला विषयओळीतील सांकेतिक तुकडा मात्र ७५ वर्णांहून लांब चालत नाही. बेस-६४ या रूपांतरपद्धतीत त्यात ४५ बाइट, म्हणजे जेमतेम १५ चिन्हे मावतात. तुकडा चिन्हाच्या मध्येच तोडला, की अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. हे काम हाताने न करता प्रस्थापित लायब्ररीवर सोपवणे इष्ट.

२०२४ पासून जीमेलने आपल्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना वरील तिन्ही पद्धती आणि एका क्लिकवर वर्गणी थांबवण्याची सोय बंधनकारक केली. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवावे लागते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणे, ती देण्याइतकेच सोपे असावे असे तत्त्व आहे. मराठी वार्तापत्राच्या तळाशी ‘यापुढे पत्र नको’ हा दुवा मराठीतच आणि वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरात असावा.