नॉटिलॉइड

नॉटिलॉइड हा शीर्षपाद प्राण्यांचा सर्वांत जुना गट. ऑक्टोपस, माकूळ आणि कटलफिश हे आजचे त्याचे नातेवाईक अंगावर कवच बाळगत नाहीत. नॉटिलॉइडांचे कवच मात्र बाहेर असते, आडव्या पडद्यांनी ते कप्प्याकप्प्यांत विभागलेले असते आणि सगळ्या कप्प्यांतून एक जिवंत नळी आरपार गेलेली असते. या नळीला सायफंकल म्हणतात. सुमारे ४९ कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन काळाच्या अखेरीस हा गट उदयाला आला. त्याच्या हजारो जाती जीवाश्मांवरून माहीत आहेत. जिवंत आहेत त्या फक्त नॉटिलस आणि ॲलोनॉटिलस या दोन प्रजातींमधल्या मोजक्या जाती, आणि त्या सगळ्या हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण पट्ट्यात राहतात.

नॉटिलसचे कवच मधोमध उभे चिरले की या प्राण्याचे सगळे तंत्र उघड होते. प्रौढाच्या कवचात तीसहून अधिक कप्पे असतात. प्राणी राहतो तो सर्वांत बाहेरच्या मोठ्या कप्प्यात. वाढ होईल तसा तो पुढे सरकतो आणि मागे सुटलेल्या जागेसमोर शिंपल्याच्या आतल्या थरासारखा चकचकीत, अंतर्वक्र पडदा रचतो. नवा कप्पा सुरुवातीला क्षारयुक्त द्रवाने भरलेला असतो. पडदा पुरेसा जाड झाला की सायफंकलच्या ऊती त्या द्रवातले क्षार ओढून रक्तात घेतात आणि क्षारांमागोमाग पाणीही परासरणाने बाहेर पडते. रिकाम्या जागेत रक्तातून वायू हळूहळू झिरपतो. त्याचा दाब एका वातावरणापेक्षाही किंचित कमीच असतो. म्हणजे ४०० मीटर खोलीवर बाहेरून सुमारे ४० वातावरणांचा दाब पडत असताना आतला वायू कवचाला काहीच आधार देत नाही. सारा भार कवचाच्या भिंती आणि पडदे पेलतात. सुमारे ८०० मीटरच्या आसपास ही ताकद संपते आणि कवच आत चेपून फुटते.

कप्प्यांत हवा भरून नॉटिलस वर येतो आणि पाणी घेऊन खाली जातो, ही समजूत सतराव्या शतकापासून चालत आली होती. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनीही तसाच तर्क केला होता. १९६६ मध्ये एरिक डेंटन आणि जॉन गिल्पिन-ब्राउन यांनी जिवंत नॉटिलसच्या तरणशक्तीवरचे आपले काम प्रसिद्ध केले आणि हे चित्र बदलले. कप्पा रिकामा व्हायला आठवडे लागतात. रोजच्या चढउतारासाठी ही यंत्रणा फारच संथ आहे. तिचे काम वेगळे आहे. कवच आणि शरीर जसजसे जड होत जाते तसतसे ते वजन तोलून धरायचे, म्हणजे प्राणी पाण्यात ना बुडतो ना वर उचलला जातो. वर-खाली तो पोहूनच जातो, डोक्याखालच्या नळीतून पाण्याचा झोत मागेपुढे सोडत.

या कवचाच्या वळणात सुवर्ण गुणोत्तर (सुमारे १.६१८) असल्याचे वारंवार छापले जाते. ते बरोबर नाही. वळण लघुगणकी सर्पिलाचे, म्हणजे प्रत्येक वेढ्यात ठरावीक पटीने रुंदावणारे, आहे हे खरे, पण नॉटिलसच्या एका पूर्ण वेढ्यात केंद्रापासूनचे अंतर साधारण तिप्पट होते. सुवर्ण सर्पिलात ते जवळजवळ सातपट व्हायला हवे.

नॉटिलसच्या शरीराचा बारकाईने अभ्यास इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केला. नॉटिलसला नव्वदच्या आसपास बारीक संस्पर्शके असतात. त्यांवर चूषके नसतात. खाचांचा चिकट पृष्ठभाग पकड घेतो. डोक्यावर जाड चामडी झाकण असते, आत शिरल्यावर त्यानेच दार बंद होते. कल्ले चार असतात, तर इतर जिवंत शीर्षपादांना दोन. शाईची पिशवी नसते. डोळा पाहावा तर बाहुलीच्या जागी नुसते छिद्र, भिंग नाही, आणि समुद्राचे पाणी थेट आत शिरते. अशा डोळ्याला प्रतिमा अंधूकच दिसणार. म्हणून नॉटिलसचा भरवसा वासावर आहे. प्रवाळभित्तींच्या तीव्र उतारांवर, साधारण १०० ते ७०० मीटर खोलीत तो मेलेले मासे, खेकडे आणि शेवंडांनी टाकलेली कात हुंगत फिरतो. अन्नाची फोड करणाऱ्या चोचीची टोके कॅल्शियमने टणक झालेली असतात. अशी सुटी टोके जीवाश्म म्हणूनही सापडतात. कवचाच्या वरच्या भागावर तांबूस पट्टे असतात आणि खालचा भाग पांढरा, त्यामुळे तो वरून आणि खालून दोन्हीकडून सहज नजरेस पडत नाही.

आजच्या नॉटिलसवरून सगळ्या नॉटिलॉइडांची कल्पना करणे म्हणजे मोठ्या घराण्याची ओळख एका वंशजावरून करून घेणे. प्लेक्ट्रोनोसेरास हा चीनमध्ये सापडलेला सुरुवातीचा शीर्षपाद जेमतेम दोनेक सेंटिमीटरचा, किंचित वाकलेल्या शंकूसारखा होता. पुढच्या ऑर्डोव्हिसियन काळात मात्र या गटाने समुद्र व्यापला. सरळ, वाकडी, आखूड फुगीर, सैल वेटोळ्याची, घट्ट वेटोळ्याची, अशी सगळ्या घडणींची कवचे त्या काळच्या खडकांत सापडतात. एंडोसेरिड गटातले प्राणी तर त्या समुद्रांतले सर्वांत मोठे शिकारी असावेत. हार्वर्डच्या संग्रहालयात त्यांच्यापैकी एकाच्या कवचाचा तुकडाच सुमारे ३ मीटरचा आहे, आणि पूर्ण कवच साडेपाच मीटरांहून लांब भरले असावे असा अंदाज आहे. ९ मीटरांचे जुने आकडे आता फारसे कुणी मान्य करत नाही.

सरळ कवचाची अडचण वेगळीच होती. वायूचे कप्पे मागे आणि जड शरीर पुढे, म्हणजे प्राणी डोके खाली करून उभा लोंबकळणार. या अडचणीवर निरनिराळ्या गटांनी आपापला मार्ग काढला आणि मला नॉटिलॉइडांच्या इतिहासातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. एंडोसेरिडांची सायफंकल जाडजूड होती आणि तिच्या मागच्या टोकाला चुन्याचे शंकू एकात एक साचत जात. ॲक्टिनोसेरिडांनी सायफंकलच्या फुगीर मण्यांत चुना भरला. अनेक ऑर्थोसेरिडांनी तो थेट कप्प्यांच्या आत साठवला. मागच्या टोकाला असे वजन आले की कवच आडवे तोलले जाते. ऑर्डोव्हिसियननंतरच्या सिल्युरियन काळातल्या ॲस्कोसेरासने तर प्रश्नच मोडीत काढला. मोठे झाल्यावर तो कवचाचा जुना सरळ भाग गाळून टाकी, आणि उरलेल्या फुगीर भागात वायूचे कप्पे शरीराच्या पाठीवर येत. बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेश) सिल्युरियन खडकांतील अशा कितीतरी प्रकारांची वर्णने योआकिम बरांद यांनी एकोणिसाव्या शतकात केली. दक्षिण भारतातल्या क्रिटेशस खडकांमधील नॉटिलॉइडांचे वर्णन हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. स्वीडनमधल्या ओलांड बेटाचा चुनखडक आणि मोरोक्कोचा काळा चुनखडक घासून गुळगुळीत केला की त्यात सरळ कवचांचे लांबट छेद स्पष्ट दिसतात.

ॲमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचे आता नामशेष झालेले शीर्षपाद, आणि नॉटिलस दिसायला सारखे, म्हणून ते जवळचे भाऊबंद असावेत असे वाटते. वंशवृक्ष वेगळे सांगतो. सिल्युरियननंतरच्या डेव्होनियन काळात सरळ कवचाच्या बॅक्ट्रिटिड गटातून ॲमोनॉइड (ॲमोनाइट ज्यात मोडतात तो गट) निघाले आणि माकूळ-ऑक्टोपसांचे पूर्वजही त्याच गटातून आले. त्यामुळे ॲमोनाइटचे नाते नॉटिलसपेक्षा ऑक्टोपसशी अधिक जवळचे आहे. दोन्ही कवचे हातात असली तर फरक ओळखणे अवघड नाही. नॉटिलसमध्ये पडदा कवचाला जिथे मिळतो ती रेषा साधी, हलक्या वळणाची असते. ॲमोनाइटमध्ये ती बहुधा नक्षीसारखी दुमडत जाते. नॉटिलसची सायफंकल पडद्याच्या मध्याजवळून जाते, तर ॲमोनाइटची जवळजवळ नेहमी बाहेरच्या कडेने. याच गुंत्यामुळे अनेक अभ्यासक एंडोसेरिड, ॲक्टिनोसेरिड आणि ऑर्थोसेरिड यांना आता स्वतंत्र उपवर्ग मानतात आणि नॉटिलॉइड हे नाव नॉटिलसच्या शाखेपुरते ठेवतात. या लेखात ते व्यापक अर्थाने घेतले आहे.

पुढे ट्रायासिक काळाच्या अखेरीस नॉटिलसची ही शाखाही तुटता तुटता राहिली. सेनोसेरास ही प्रजाती आणि तिच्या वंशातूनच पुढचे सगळे आले. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात ॲमोनाइट नष्ट झाले, नॉटिलॉइड मात्र वाचले. याचे एक पटण्याजोगे कारण पिल्लांमध्ये आहे. ॲमोनाइटची पिल्ले साधारण मिलिमीटरभर, पृष्ठभागाजवळच्या प्लवकांवर अवलंबून असावीत, आणि नेमके तेच अन्न त्या काळात कोसळले. नॉटिलसचे अंडे मोठे, बलकाने भरलेले असते. ते उबायला वर्षभराच्या आसपास लागते, आणि बाहेर येणाऱ्या पिल्लाचे कवच सुमारे अडीच सेंटिमीटरचे व सात कप्प्यांचे असते.

हीच संथ रीत आता त्याच्या जिवावर उठली आहे. नॉटिलस प्रौढ व्हायला १० ते १५ वर्षे लागतात आणि मादी वर्षाला थोडीच अंडी घालते. शोभेच्या कवचांसाठी आमिषाचे सापळे लावून जिथे बेसुमार पकड झाली, तिथे संख्या झपाट्याने घसरली. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व नॉटिलसांचा समावेश झाला आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. पापुआ न्यू गिनीजवळ ॲलोनॉटिलस स्क्रोबिक्युलेटस सुमारे तीस वर्षांनंतर २०१५ मध्ये पुन्हा पाहण्यात आला. २०२३ मध्ये अमेरिकन सामोआ, फिजी आणि वानुआटू इथल्या नॉटिलसांना तीन नव्या जाती म्हणून मान्यता मिळाली. एकमेकांपासून इतक्या वेगळ्या जाती बेटाबेटांवर का घडतात, याचे उत्तर बरेचसे कवचात आहे. ८०० मीटरच्या खाली ते फुटते, आणि उथळ उष्ण पाणी व मोकळा समुद्र त्याला मानवत नाही. मधला खोल समुद्र म्हणजे त्याच्यासाठी भिंतच. त्यामुळे एका बेटाभोवतीचे नॉटिलस संपले, तर शेजारच्या बेटावरून नवे येऊन ती जागा भरण्याची शक्यता फारच कमी असते.