पट्टीवर रेघ उमटेपर्यंत

बोटाच्या टोकाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा, त्यावर द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि वाट बघायची. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी एकच रेघ दिसली, तर एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली नाहीत. दोन दिसल्या, तर खात्रीच्या चाचण्या करायच्या. एक रेघ म्हणजेही सुटका नव्हे. लागण ताजी असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे जातात, म्हणून पुन्हा यावं लागतं. आता या वीस मिनिटांत समोर कोण बसलंय ते महत्त्वाचं. मान वर न करता फॉर्म भरणारा कर्मचारी असेल तर माणूस पुन्हा येईलच असं नाही. पण समोरची बाई स्वतः देहविक्रय करणारी असेल, किंवा समोरचा मुलगा कालपर्यंत नशेची सुई टोचून घेत असेल, तर बोलणं वेगळ्याच वाटेने जातं. "घरी कळेल का?" हा प्रश्न तिथेच विचारला जातो. अशाच लोकांनी स्वतः चालवलेल्या, म्हणजे समुदायाच्या, संस्था इथेच कामी येतात.

औषधांनी आपलं काम चोख केलं आहे. १९९६पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि एड्सने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. २०११मध्ये 'एचपीटीएन ०५२' या अभ्यासाने दाखवलं, की लागण झालेल्याला लवकर उपचार दिले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला, की लैंगिक संबंधातून लागण होतच नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांनी पक्कं केलं. म्हणजे एकाच गोळीने उपचारही होतो आणि प्रतिबंधही. घोडं अडतं ते गोळी माणसापर्यंत पोहोचण्यात.

जागतिक उद्दिष्ट '९५-९५-९५' असं सांगितलं जातं. लागण झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांना ते माहीत असावं, त्यांतल्या ९५ टक्क्यांना उपचार मिळावेत आणि उपचार घेणाऱ्या ९५ टक्क्यांचा विषाणू आटोक्यात असावा. ऐकायला भरघोस, पण गुणाकार करून बघा: शंभरातले ९५, मग ९०, मग जेमतेम ८६. हे उद्दिष्ट पूर्ण गाठल्यावरचं चित्र. उरलेले चौदा जण लोकसंख्येत सगळीकडे सारखे विखुरलेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण कलंक आणि कायद्याच्या भीतीने दवाखान्याकडे न फिरकणाऱ्यांत ते दाटलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार, २०२२मधल्या नव्या लागणींपैकी निम्म्याहून अधिक देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, कैदी आणि या सगळ्यांचे जोडीदार यांच्यात होत्या.

या लोकांची यादी कुठेच नसते. १९९७मध्ये डग्लस हेकाथॉर्न या समाजशास्त्रज्ञाने अशा लपलेल्या समूहांचा अभ्यास करण्यासाठी एक पद्धत मांडली. सुरुवातीच्या काही जणांना मोजकी कुपनं द्यायची, त्यांनी ती ओळखीतल्यांना द्यायची, आलेल्यांना पुन्हा कुपनं. चार-सहा फेऱ्यांत साखळी अशा कोपऱ्यांत शिरते, जिथे सर्वेक्षण करणाऱ्याला कुणी उभंही केलं नसतं. समुदायाची संस्था कुपनाशिवाय रोज हेच करत असते. तिचं जाळं आधीच विणलेलं असतं.

ज्यांचा प्रश्न, त्यांनीच तो हाताळावा, ही समज जुनी आहे. १९८३मध्ये, विषाणूचा नुकताच शोध लागत असताना, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जमलेल्या एड्सच्या रुग्णांनी 'आम्हाला बळी म्हणू नका' असं बजावून निर्णयप्रक्रियेत जागा मागितली. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९२मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात वस्तीतल्या स्त्रियाच आरोग्यशिक्षिका झाल्या. मला सर्वांत आवडतं ते मोझांबिकच्या तेते प्रांतातलं, २००८चं उदाहरण. दवाखाने लांब आणि गोळ्या महिन्याच्या महिन्याला आणायच्या. मग सहा-सहा रुग्णांचे गट झाले. दर महिन्याला एकाने जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला सहा महिन्यांतून एकच खेप आली. शिवाय कुणी गोळ्या चुकवल्या तर ते आधी गटाला कळायचं, डॉक्टरला नंतर.

मग अशा संस्था मजबूत करायच्या म्हणजे काय? 'क्षमताबांधणी' या नावाखाली बहुतेकदा दोन दिवसांची कार्यशाळा, एक फाइल आणि एक ग्रुप फोटो मिळतो. संस्थेला खरी गरज असते हिशेबनीसाच्या पगाराची, कार्यालयाच्या भाड्याची आणि तीन-चार वर्षं न तुटणाऱ्या निधीची. अनुदानाचा एक टप्पा संपून दुसरा सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने गेले, तर क्षेत्रात फिरणारे कार्यकर्ते दुसरं काम धरतात, आणि त्यांच्याबरोबर ते जाळंही जातं. ते कुठल्याही संगणकावर जतन केलेलं नसतं.

दुसरा घोळ मोजमापाचा. पैसे 'किती चाचण्या केल्या' यावर मिळणार असतील, तर सहज सापडणाऱ्या त्याच त्या माणसांच्या चाचण्या पुन्हा पुन्हा होतात. आकडा भरतो, पण नवा रुग्ण सापडत नाही. त्यापेक्षा आजवर कधीच चाचणी न झालेले किती जण आले, लागण निघालेल्यांपैकी किती जणांचे उपचार सुरू झाले आणि सहा महिन्यांनी किती टिकले, हे विचारलं तर कामाची दिशाच बदलते. नोंदवहीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक हवा, हा तर जिवाचा प्रश्न आहे. जिथे समलिंगी संबंध गुन्हा ठरतात, तिथे हरवलेला एक फोनही माणसांना तुरुंगात धाडू शकतो. अशा ठिकाणी संस्थेची नोंदणीच होत नाही. नोंदणी नाही म्हणून बँकखातं नाही, आणि खातं नाही म्हणून निधी नाही.

२०२१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरवलं, की २०२५पर्यंत या समूहांसाठीच्या ८० टक्के प्रतिबंधक सेवा समुदायाच्या संस्थांनी द्याव्यात. त्या २०२५च्याच सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली आणि सर्वांत मोठा फटका बसलेल्यांत याच संस्था होत्या. परदेशी पैशावर उभ्या असलेल्या कामाला स्वतःच्या सरकारच्या अंदाजपत्रकात जागा हवी. सरकारने संस्थांशी थेट करार करून सेवा विकत घ्याव्यात, हा मार्ग काही देशांनी धरलाही आहे. सरकारचा पैसा घेऊन सरकारविरुद्ध बोलायचं कसं, ही अडचण त्यात आहेच.

इकडे विज्ञान पुढे निघालं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या, २०२४मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात लागण टाळण्यासाठी लेनाकापाविर या औषधाचं इंजेक्शन घेतलेल्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. इंजेक्शन वर्षातून दोनदाच. पण पुढचा डोस चुकला तर औषध शरीरातून एकदम नाहीसं होत नाही, त्याचा अंश अनेक महिने रेंगाळतो. त्या काळात लागण झाली, तर विषाणू त्या औषधाला दाद न देणारं रूप घेऊ शकतो. म्हणून सव्विसाव्या आठवड्यात, फोन बदललेल्या आणि पत्ता सोडून गेलेल्या मुलीला शोधून काढणारं कुणीतरी लागतं. ती कुठल्या मैत्रिणीकडे राहायला गेली असेल, हे त्या व्यक्तीला ठाऊक असतं.