ठेका सोडल्यानंतरचं तालवादन

प्रायोगिक संगीताच्या मैफलीत तालवादक बहुधा ताल धरतच नाही. सिंबलच्या (पितळी झांजेसारख्या थाळीच्या) कडेवरून तो व्हायोलिनसारखा गज ओढतो, आडव्या ठेवलेल्या बेस ड्रमवर दगड घासतो, कोपराने कातडं दाबून स्वर चढवतो आणि पुष्कळदा नुसता ऐकत बसतो. यातलं काहीच आधी लिहिलेलं नसतं. ही वादनपद्धती आता जगभर रुळली आहे, पण ती ड्रमचं काम काय आणि श्रेय कुणाचं, या वादातून घडली आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

लेखी संगीताने तालवाद्यांना स्वतंत्र स्थान आधीच दिलं होतं. १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये १३ तालवादकांसाठी लिहिलेली, सायरनसह वाजणारी रचना सादर झाली. त्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मोटारींचे ब्रेक ड्रम वाद्यं म्हणून वाजू लागले. १९५९ मध्ये जर्मनीत एका तालवादकासाठी अशी संहिता, म्हणजे लिहून ठेवलेली रचना, आली, की ती कुठल्याही पानापासून सुरू करता येत होती. १९६४ मधल्या एका अमेरिकन रचनेत काठ्याच वर्ज्य होत्या. बोटं, तळवे, हात एवढ्यावरच अतिशय हळू आवाजात वाजवायचं होतं. असल्या रचनांमध्ये पुष्कळ शोध वादकाच्या हातांनी लावले, पण नाव राहिलं ते संहितेवर सही करणाऱ्याचं. माझ्या मते हा अन्याय होता, आणि पुढची पिढी संहितेपासून दूर गेली त्याला हेही एक कारण होतं.

दुसरा प्रवाह जॅझचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रमवादकांनी ठरलेल्या मात्रा मोजणं सोडलं. सिंबलचा सलग, उसळता नाद त्यांनी सगळ्या वृंदाखाली पसरला. ताल नाहीसा झाला नव्हता, तो मोजता येईनासा झाला होता.

लंडनमध्ये १९६५-६६ च्या सुमारास हे दोन्ही प्रवाह भेटले. एका गटातल्या तालवादकाने गज, मोठी घंटा आणि पिंपासारखा ढोल यांतून लांबत जाणारे नाद काढायला सुरुवात केली. दुसऱ्या गटाची बैठक वेस्ट एंडमधल्या एका लहानशा नाट्यगृहात, रात्री नाटक आटोपल्यावर भरायची. तिथल्या ड्रमवादकाने घेतलेला निर्णय मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याने आपला ड्रमसेटच लहान केला. छोटे ड्रम, छोटी सिंबल, जेमतेम मांडीएवढ्या उंचीवर.

कारण साधं आणि ध्वनीशी निगडित होतं. मोठा बेस ड्रम आणि रुंद सिंबल वाजले की त्यांची आस बराच वेळ रेंगाळते आणि सगळी जागा व्यापते. मग सॅक्सोफोनमधली फुंकर, गिटारच्या तारेवरचं नख, व्हायोलिनचा कोरडा घर्षणनाद यातलं काही ऐकूच येत नाही. लहान वाद्यांचा नाद उंच आणि आखूड असतो. आघात झाला की लगेच मोकळी जागा उरते आणि तिथे दुसऱ्याला शिरता येतं. सोबत्याचं वादन ऐकू येत नसेल तर आपण फार जोरात वाजवतोय, असा त्या गटाचा नियमच होता. शिकवण्यासाठी त्या ड्रमवादकाने सराव बांधले. एकात प्रत्येकाने शक्य तितका आखूड आवाज काढायचा, दुसऱ्यात एका श्वासाएवढा लांब.

या वादनावर आक्षेप दोन होते. पहिला, ड्रमचं बळच काढून घेतलं तर उरतं काय? मला हा पटत नाही. हळू वाजवताना मनगटावर जेवढा ताबा लागतो तेवढा जोरकस वादनात क्वचितच लागतो. दुसरा आक्षेप खरा आहे. या संगीताची वर्णनं युरोपीय मंडळींनी अशी केली, जणू सगळं शून्यातून सुरू झालं. ज्या कृष्णवर्णीय ड्रमवादकांनी मात्रा आधी सोडली, ते प्रस्तावनेपुरते उरले. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय वादक-अभ्यासकाने यावर सविस्तर लिहिलं, तेव्हा कुठे चर्चा उघडपणे सुरू झाली.

पुढे वाटा भराभर फुटल्या. सत्तरच्या दशकात सेटच्या लोखंडी चौकटीला मायक्रोफोन चिकटवून खरवडण्याचा आवाज मोठा केला गेला. जर्मनीत सुतारकामाची करवत गजाने वाजू लागली. न्यूयॉर्कमधल्या एका वादकाने स्नेअरवर (खाली तारा ताणलेल्या छोट्या ड्रमवर) सिंबल ठेवून, त्यावर उभी धरलेली लाकडी काडी राळ लावलेल्या बोटांनी घासत स्थिर, शिट्टीसारखे स्वर काढले. नव्वदच्या मध्यापासून बर्लिनच्या पूर्व भागात घर्षणावर उभं राहिलेलं एक सबंध वादनविश्वच तयार झालं. टोकियोत २००० ते २००५ दरम्यान चाललेल्या एका छोट्या जागेत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सगळेच हळू वाजवत, आणि त्या सक्तीची शैली झाली.

गजवाल्या लंडनच्या तालवादकाने १९९९ साली दर आठवड्याची कार्यशाळा सुरू केली. तिथे कुठल्याही वाद्याचा माणूस येऊ शकत होता.