टोपणनाव उघड करणारे क्षुल्लक शब्द

टोपणनावाने लिहिणारा लेखक त्याच्या आवडत्या, भारदस्त शब्दांवरून ओळखता येतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात असे शब्द विषयाबरोबर बदलतात आणि त्यांची नक्कलही सहज करता येते. लेखकाचा माग लागतो तो ज्यांच्याकडे त्याचे स्वतःचेही लक्ष नसते, अशा अव्ययांतून.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ 1787-88 मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने 85 निबंध प्रसिद्ध झाले. त्यांमागे अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे हे तिघे होते; पण त्यांपैकी 12 निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ रेंगाळला. वाक्यांची सरासरी लांबी मोजून पाहिली, तर ती दोघांचीही साडेचौतीस शब्दांच्या आसपास निघाली! अखेर फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'अपॉन' (upon, म्हणजे 'वर') यासारख्या शब्दांची मोजदाद केली. हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरतो, तर मॅडिसन पाच हजारांत जेमतेम एकदा.

आता दोन हजार शब्दांच्या एखाद्या निबंधात 'अपॉन' एकदाही आला नाही, असे समजू. हॅमिल्टनकडून तो सहा वेळा अपेक्षित आहे. पॉइसाँ वितरणानुसार, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र घटना ठरावीक वेळा घडण्याची संभाव्यता सांगणाऱ्या सूत्रानुसार, तो अजिबात न येण्याची संभाव्यता 'ई'चा (सुमारे 2.718 या गणिती स्थिरांकाचा) उणे सहावा घात, म्हणजे 0.0025 इतकी भरते. मॅडिसनच्या बाबतीत हीच संभाव्यता 0.67 आहे. या एकाच शब्दाने पारडे मॅडिसनकडे सुमारे 270 पटींनी झुकते. नव्या पुराव्याने संभाव्यता कशी बदलते हे सांगणाऱ्या बेझच्या सूत्रानुसार अशा प्रत्येक शब्दाचे गुणोत्तर पुढच्याशी गुणत जायचे. अर्थात खऱ्या लेखनात शब्द पुंजक्यांनी येतात, त्यामुळे पॉइसाँचे उत्तर फाजील आत्मविश्वासाचे ठरते; म्हणून या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी अशा पुंजक्यांना वाव देणाऱ्या ऋण द्विपद वितरणाचा आधार घेतला. तरीही बाराही निबंधांचा कौल मॅडिसनच्याच बाजूने गेला.

हस्ताक्षरावरून स्वभाव सांगण्याच्या थोतांडाशी या पद्धतीचा काडीचाही संबंध नाही. मात्र चार ओळींच्या निनावी मजकुरावरून लेखक हमखास ओळखून देण्याच्या जाहिरातीही तितक्याच संशयाने पाहाव्यात. ही पद्धत दिलेल्या संशयितांमध्येच तुलना करते. खरा लेखक त्यांत नसेल, तर ती उरलेल्यांपैकी सर्वांत जवळच्या माणसाकडे निःसंकोच बोट दाखवते.